ब्रश जिथं पोचत नाही

१६८३ सालच्या सप्टेंबरात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या एका कापडव्यापाऱ्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. अंतोनी व्हान लेवेनहूक हे त्याचं नाव. कापडाचा पोत तपासायला व्यापारी भिंग वापरत. याला त्या भिंगाचंच वेड लागलं आणि स्वतः घासून बनवलेल्या भिंगांतून तो हाताला लागेल ती वस्तू पाहू लागला. या पत्राचा विषय होता त्याचे स्वतःचे दात. तो रोज सकाळी मिठानं दात घासायचा, चूळ भरायचा, जेवल्यावर दाढा काडीनं कोरायचा आणि वर कापडानं खसाखसा पुसायचा. आपल्या वयाच्या माणसांत इतके स्वच्छ दात फारसे आढळणार नाहीत, असं त्यानं ऐटीत नोंदवलं आहे. त्यापुढची नोंद मात्र जास्त मोलाची आहे. एवढं करूनही काही दातांच्या मधे त्याला कालवलेल्या पिठासारखा पांढरा थर चिकटलेला दिसला. तो त्यानं पावसाच्या पाण्यात मिसळून भिंगाखाली धरला, तेव्हा त्यात असंख्य जीव वळवळत होते.

जीवाणू पाहणाऱ्या पहिल्या माणसांत लेवेनहूकची गणना होते. ते त्याला सापडले ते नीट घासलेल्या दातांच्या फटीत, ही गोष्ट दंतवैद्यकाच्या दृष्टीनं फार बोलकी आहे.

दाढेला पाच बाजू असतात. गालाकडची, जिभेकडची आणि चावण्याची, या तीन बाजूंवर ब्रश फिरतो. उरलेल्या दोन बाजू शेजारच्या दातांना टेकलेल्या असतात. तिथं ब्रशचे केस शिरत नाहीत, मग ब्रश साधा असो, बॅटरीवरचा असो, की जाहिरातीतल्या नागमोडी केसांचा. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या मधली घरगल्ली आठवावी. पुढचा रस्ता रोज झाडला जातो, इमारतीला रंगही लागतो, पण दोन भिंतींमधल्या त्या हातभर जागेत काय साचलं आहे ते दुर्गंधी सुटल्यावरच कळतं.

दातांच्या घरगल्लीत साचतो तो थर म्हणजे प्लाक. अन्नाचे अडकलेले कण आणि प्लाक यांत लोकांची हमखास गल्लत होते. मेथीचं पान, मक्याचं साल, मटणाचा धागा किंवा रायवळ आंब्याची शीर दातात अडकली की जीभ तिथंच जात राहते, आणि ते निघालं की दात स्वच्छ झाल्यासारखं वाटतं. प्लाक असा टोचत नाही. जीवाणूंनी स्वतःभोवती विणलेला तो चिकट, पातळ पापुद्रा असतो आणि चूळ भरून तो निघत नाही. हेही लेवेनहूकनं पुढे पाहून ठेवलं होतं. त्यानं व्हिनेगरनं दात धुतले, तेव्हा थराच्या वरचे जीव मेले, आतले जिवंत राहिले. माउथवॉशच्या रंगीत बाटल्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी ही साडेतीनशे वर्षांपूर्वीची नोंद ध्यानात ठेवायला हरकत नाही. हा पापुद्रा खरवडूनच काढावा लागतो.

तो काढला नाही, तर दोन वेगवेगळ्या वाटांनी नुकसान होतं. पहिली वाट किडीची. प्लाकमधले जीवाणू साखर आणि पिठूळ अन्न खाऊन आम्ल तयार करतात. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दाताजवळचा सामू साडेपाचाच्या खाली जातो आणि दाताच्या कडक आवरणातून, म्हणजे इनॅमलमधून, खनिजं सुटू लागतात. लाळ हे आम्ल निवळवते, गेलेली खनिजं थोडीफार परतही देते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. दोन दातांच्या फटीत लाळ मोकळेपणी खेळत नाही. म्हणून दात जिथं एकमेकांना टेकतात, त्याच्या जरा खाली लागणारी कीड सर्रास आढळते. ती आरशात दिसत नाही, एक्स-रेत दिसते. दाढेचा तुकडा पडून जीभ कापायला लागते, तोवर ती बरीच खोल गेलेली असते.

दुसरी वाट हिरड्यांची. दोन दातांच्या मधे हिरडीचा जो छोटा त्रिकोण दिसतो, त्याचा टेकणाऱ्या जागेखालचा भाग बाकीच्या हिरडीपेक्षा नाजूक असतो. त्यावर कडक त्वचेचं कवच नसतं. प्लाक नेमका तिथंच साचतो. हिरडी सुजते, लाल होते, ब्रश लागला की रक्त येतं. पुष्कळ लोक याचा नेमका उलटा अर्थ घेतात. ब्रशमुळे रक्त येतं असं समजून ते त्या जागी ब्रश लावायचंच सोडतात. प्लाक आणखी साचतो, सूज वाढते आणि रक्तही वाढतं.

प्लाक आणि सूज यांचं नातं इतकं थेट आहे, हे सिद्ध व्हायला १९६५ साल उजाडलं. डेन्मार्कमधल्या ऑरहूस इथं हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. दात पुन्हा साफ करायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. प्रयोग साधा होता, पण त्यातून दोन गोष्टी पक्क्या कळल्या. सूज प्लाकमुळे येते. आणि या टप्प्यावर ती पूर्ण बरी होऊ शकते.

त्यापुढचा टप्पा गाठला तर मात्र परत फिरता येत नाही. सूज हिरडीखाली उतरते, दाताला धरून ठेवणारे तंतू तुटतात, जबड्याचं हाड झिजतं. झिजलेलं हाड आपोआप पुन्हा भरून येत नाही. यावर कोणतेही उपचार न झाल्यास काय होतं, हे याच ल्यो यांनी श्रीलंकेतल्या चहामळ्यांवर पाहिलं. १९७० ते १९८५ या काळात त्यांच्या गटानं ४८० पुरुष मजुरांच्या दातांची वेळोवेळी तपासणी केली. या मजुरांना ब्रश माहीत नव्हता आणि दंतवैद्यही. त्यांच्या दातांना कीड जवळजवळ नव्हती, तरी दात पडत होते. सुमारे ८ टक्के लोकांत हिरड्यांचा रोग झपाट्यानं वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीनं, आणि ११ टक्क्यांत तो हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही.

आपल्याकडे जवळपास प्रत्येक घरात सांगितली जाणारी एक गोष्ट असते. आजोबांनी जन्मात ब्रश धरला नाही, राखुंडी नाहीतर बाभळीची काडी, आणि तरी ऐंशीव्या वर्षी ऊस दातानं सोलून खायचे. गोष्ट खोटी असतेच असं नाही. आजोबा त्या अकरा टक्क्यांतले असू शकतात. अडचण इतकीच की नातवाला आपण कोणत्या टक्क्यांत आहोत हे आधी कळत नाही, आणि आजोबांच्या वेळी चहासोबत दिवसातून चारदा बिस्किटं नव्हती.

फटीतली ही घाण दोऱ्यानं काढायची कल्पना तशी जुनी आहे. लेव्ही स्पियर पार्मली या अमेरिकन दंतवैद्यानं १८१९ साली दातांच्या निगेवर पुस्तक लिहिलं. त्यात ब्रश आणि दंतमंजनाच्या जोडीला त्यानं मेण लावलेला रेशमी दोरा सांगितला आणि दोऱ्याला सर्वांत जास्त महत्त्व दिलं. १८८२ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या कॉडमन अँड शर्टलेफ कंपनीनं असा रेशमी दोरा बाजारात आणला. १८९८ साली जॉन्सन अँड जॉन्सननं अशा दोऱ्याचं, म्हणजे फ्लॉसचं, पेटंट घेतलं. शस्त्रक्रियेत टाके घालायला ही कंपनी रेशीम पुरवायचीच, त्यातलंच हे रेशीम. जेम्स जॉइसच्या १९२२ सालच्या ‘युलिसिस’ कादंबरीतही एक प्राध्यापक खिशातून फ्लॉसचं रीळ काढून दातात दोरा झंकारताना दिसतो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी डब्लिनमध्ये ती वस्तू अगदीच अनोळखी नसावी.

पण रेशीम महाग होतं आणि दातात अडकून त्याचे तंतू सुटायचे. त्यावर उपाय काढणारा माणूस दंतवैद्य नव्हता. न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता डॉ. चार्ल्स बास हे जंतुशास्त्रातलं मोठं नाव. मलेरियाचा परजीवी प्रयोगशाळेत वाढवण्याचं काम त्यांनी १९१२ साली सहकाऱ्यासोबत करून दाखवलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी सूक्ष्मदर्शक दातांकडे वळवला. दातांसाठी दोरा कसा असावा, त्यात किती तंतू असावेत, याचा त्यांनी बारकाईनं अभ्यास केला आणि नायलॉनचा पुरस्कार केला. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून हलकेच हलवायची पद्धत आजही दंतवैद्य शिकवतात, तीही बास यांच्याच नावानं ओळखली जाते.

नायलॉन मजबूत ठरला. इतका, की १९९४ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या एका कैद्यानं फ्लॉसचा दोर वळून तुरुंगाची भिंत ओलांडली.

मग ऑगस्ट २०१६ मध्ये एक बातमी जगभर गाजली. अमेरिकी सरकार १९७९ पासून रोज फ्लॉस करा असं सांगत आलं होतं. सरकारच्या नव्या आहार-मार्गदर्शिकेतून तो सल्ला गुपचूप गळाला होता. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं त्याची चौकशी केली, आधीच्या दहा वर्षांतले पंचवीस अभ्यास चाळले आणि निष्कर्ष काढला की फ्लॉसच्या फायद्याचा पुरावा कमकुवत आहे. पुष्कळांना हायसं वाटलं. त्याआधी वर्षभरापूर्वीच्या एका पाहणीत सत्तावीस टक्के अमेरिकनांनी, आपण किती वेळा फ्लॉस करतो याबद्दल दंतवैद्याशी खोटं बोलतो, असं कबूल केलं होतं. त्यांना आता खोटं बोलायचीही गरज उरली नव्हती.

बातमी चुकीची नव्हती. तिचा अर्थ मात्र घाईनं लावला गेला. ‘पुरावा कमकुवत आहे’ आणि ‘उपयोग नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. २०१९ साली कॉक्रेन या संस्थेनं पस्तीस चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत ३,९२९ प्रौढ माणसं होती. ब्रशच्या जोडीला फ्लॉस वापरल्यास हिरड्यांची सूज कमी होऊ शकते, असं त्यांना आढळलं, पण पुराव्याची खात्री कमी दर्जाची होती. फटींतल्या छोट्या ब्रशचा उपयोग फ्लॉसपेक्षा थोडा जास्तच असावा, असंही दिसलं. यांतल्या बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्या होत्या आणि दोन दातांमधली कीड तर एकाही चाचणीत मोजली गेली नव्हती. ती कीड दिसण्याजोगी व्हायला वर्षं जातात. दीड महिन्याच्या चाचणीत ती सापडायची कशी?

याहून जास्त सांगणारा अभ्यास २००६ चा आहे. त्यात चार ते तेरा वर्षांच्या ८०८ मुलांवरच्या सहा चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. शाळेच्या दिवशी रोज प्रशिक्षित माणसानं मुलांचे दात फ्लॉस केले, तेव्हा पावणेदोन वर्षांच्या आसपास दातांमधल्या किडीचा धोका ४० टक्क्यांनी घटला. हेच काम तीन-तीन महिन्यांनी केलं, तेव्हा फरक पडला नाही. आणि मुलांनी स्वतः केलं, तेव्हाही फरक पडला नाही.

तिढा इथं सुटतो. दोरा तोच होता. फरक होता तो हाताचा आणि रोजच्या नेमाचा. बहुतेक लोक फ्लॉस दोन दातांमधे खटकन दाबतात, वर ओढतात आणि झालं म्हणतात. त्यानं अडकलेलं अन्न निघतं, दाताच्या भिंतीवरचा पापुद्रा तसाच राहतो आणि हिरडीला चीर पडते ती वेगळीच. फ्लॉस वापरा म्हणून सांगणारे दंतवैद्य तो कसा वापरायचा हे खुर्चीवर बसवून दाखवत नाहीत, हा खरा दोष आहे. पाकिटावरच्या चित्रानं ही कला येत नाही.

नीट शिकवलं आणि नेमानं केलं तर काय साधतं, याचं उदाहरण स्वीडनमधल्या कार्लस्टाडचं आहे. पेर आक्सेलसन आणि यान लिंधे यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ३७५ प्रौढांना हाताशी घेतलं. प्रत्येकाला त्याच्या तोंडाप्रमाणे फटी साफ करायला शिकवलं, ठरावीक काळानं बोलावून दात व्यावसायिकरीत्या साफ करून दिले. तीस वर्षांनी त्यांतले २५७ जण टिकून होते. या तीस वर्षांत वयोगटानुसार त्यांनी सरासरी ०.४ ते १.८ दात गमावले. याचं श्रेय एकट्या दोऱ्याला देता येत नाही. छोटे ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, दंतवैद्याच्या फेऱ्या, सगळं मिळून हे झालं. पण फटी रोज साफ करणं त्यात मध्यवर्ती होतं.

आता पद्धत. साधारण हातभर, पंचेचाळीस सेंटिमीटर दोरा घ्यावा. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळावा आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीत बोटभर ताणून धरावा. दातांमधे तो करवतीसारखा हलके मागेपुढे करत उतरवावा. दाबून खाली आदळू नये. आत गेल्यावर तो एका दाताला अर्धगोल बिलगवावा, हिरडीच्या कडेखाली अलगद जाऊ द्यावा आणि दाताच्या भिंतीवर चार-पाच वेळा वर-खाली घासावा. मग तोच दोरा शेजारच्या दाताला बिलगवून तसंच करावं. एका फटीत दोन भिंती असतात, हे बहुतेक जण विसरतात. पुढच्या फटीसाठी दोऱ्याचा नवा भाग घ्यावा. शेवटच्या दाढेची मागची बाजूही सोडू नये. सुरुवातीला पाच-सात मिनिटं आणि थोडी चिडचिड लागते. हात बसल्यावर दोन-तीन मिनिटांत होतं. दिवसातून एकदा पुरतं, आणि ती वेळ रात्रीची असावी, कारण झोपेत लाळ कमी होते आणि तोंडाचं संरक्षणही तेवढंच कमी होतं.

आधी फ्लॉस की आधी ब्रश, हा वाद घरोघरी होऊ शकतो. २०१८ साली इराणमध्ये दंतवैद्यकाच्या पंचवीस विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात आधी फ्लॉस आणि मग ब्रश या क्रमानं फटीतला प्लाक जास्त निघाला आणि पेस्टमधलं फ्लोराइड तिथं जास्त टिकलं. अभ्यास छोटा आहे, पण हा क्रम पाळायला काही खर्च येत नाही.

सुरुवातीच्या दिवसांत रक्त येईल. हिरडी आधीच सुजलेली असते म्हणून ते येतं आणि नेमानं फटी साफ झाल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत थांबतं. मात्र रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या बाबतीत उलटा धोका असतो. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आतून रोग वाढत असूनही हिरड्यांतून रक्त कमी येतं आणि माणूस गाफील राहतो. महाराष्ट्रात असंख्य बायका दात साफ करायचं म्हणून मिश्री लावतात. ती भाजलेली तंबाखू असते. फटीतला प्लाक तर ती काढत नाहीच, व्यसन आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका तेवढा मागे लावते.

फ्लॉस सगळ्यांसाठी सारखा उपयोगी नाही, हेही सांगायला हवं. दात घट्ट टेकलेले असतील तिथं दोऱ्याला पर्याय नाही. पण चाळिशी-पन्नाशीनंतर हिरड्या खाली सरकल्या आणि फटी मोकळ्या झाल्या की बाटली धुण्याच्या ब्रशची चिमुकली आवृत्ती असते तसा, फटींसाठीचा ब्रश अधिक चांगला. ब्रिज किंवा तारा बसवलेल्यांसाठी कडक टोकाचा खास फ्लॉस मिळतो. बोटांत जोर नसलेल्यांसाठी पाण्याची धार मारणारी यंत्रं आहेत. त्यांचा शोध कोलोरॅडोतल्या एका दंतवैद्यानं आणि एका अभियंत्यानं १९६२ साली लावला. मुलांचे दोन दात एकमेकांना टेकू लागले की फ्लॉस सुरू करता येतो, पण तो आईवडिलांनी करायचा. आठ-दहा वर्षांपर्यंत मुलांच्या बोटांना हे जमत नाही.

टाचणी, सेफ्टीपिन, काडेपेटीची काडी आणि शिवणकामाचा दोरा मात्र तोंडापासून लांब ठेवावा. दातकोरण्यानं अडकलेलं अन्न काढावं, त्याहून जास्त अपेक्षा त्याकडून करू नये. आणि एकाच फटीत रोज अन्न अडकत असेल, किंवा दोरा एकाच जागी पुन्हापुन्हा उसवत असेल, तर तिथं कीड, तुटलेलं फिलिंग किंवा सुटलेला सांधा असण्याची शक्यता असते. ते काम दोऱ्याचं नाही, दंतवैद्याचं आहे.

हिरड्यांचा परिणाम तोंडापुरता थांबतो का? मधुमेहाच्या बाबतीत तरी नाही. मधुमेहात हिरड्यांचा रोग बळावतो आणि रोगट हिरड्यांमुळे साखर आटोक्यात राहायला अडचण येते. २०२२ च्या एका मोठ्या आढाव्यात हिरड्यांवर नीट उपचार केलेल्या मधुमेही रुग्णांची तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तीन-चार महिन्यांत सुमारे ०.४३ टक्क्यांनी उतरलेली आढळली. भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत, तेव्हा हा आकडा छोटा म्हणून सोडून देता येणार नाही. हृदयविकाराबद्दल मात्र बेतानं बोलावं. खराब हिरड्या आणि हृदयविकार एकत्र आढळतात, पण फ्लॉसनं हृदयविकाराचा झटका टळतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही. कुणी तसं सांगून काही विकत असेल, तर पाकीट खिशातच राहू द्यावं.

एक समज मात्र मुळापासून काढायला हवा. दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात, असं अजूनही ऐकू येतं. प्लाक वेळेवर निघाला नाही की लाळेतल्या क्षारांनी तो दगडासारखा घट्ट होतो. त्यालाच कीटण म्हणतात. ते ब्रशनं निघत नाही, फ्लॉसनंही नाही. हाड आधीच झिजलेलं असतं आणि कीटणाच्या आधारानं दात घट्ट वाटत असतात. कीटण निघालं की त्यांची खरी स्थिती दिसते. म्हणून फ्लॉस सुरू करण्याआधी एकदा दात साफ करून घेणं बरं.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत, मुंबईच्या नायर दंत रुग्णालयात आणि गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात खाजगी दवाखान्यांपेक्षा पुष्कळ कमी खर्चात दात साफ करून मिळतात. तिथं गेल्यावर आणखी पाच मिनिटं मागून घ्यावीत. हातात आरसा आणि दोरा घेऊन, आपल्याच दातांवर, फ्लॉस कसा करायचा ते दाखवा, असं सांगावं. आणि पंधरा दिवस रोज नीट फटी साफ करूनही रक्त थांबलं नाही, तर पुन्हा जाऊन दाखवावं.